कामशेतच्या बांधावरून उत्तरेचे आकाश

मंडळी, पुण्याहून लोणावळ्याला जाणारी लोकल तळेगाव, वडगाव, कान्हे ही स्टेशने मागे टाकते आणि मग कामशेत येते. गाडी थांबते तेवढ्यात दुधाचे रिकामे कॅन, भाजीच्या पाट्या आणि शाळेची पोरे यांची एकच गर्दी उडते. नाणे मावळ आणि पवन मावळ या दोन्ही खोऱ्यांची ही बाजारपेठ. बियाणे घ्यायचे, लग्नाचा बस्ता बांधायचा, औत-अवजार दुरुस्त करायचे, नाहीतर दवाखान्यात जायचे, कशालाही माणूस आधी कामशेतला येणार. गावाला लागून इंद्रायणी वाहते. तिच्याच नावाचा तांदूळ आता साऱ्या महाराष्ट्राच्या ताटात गेला आहे. शेजारच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून हा वाण तयार झाला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. पण आज मी तुम्हांला भाताविषयी सांगणार नाही. आज थोडे वर बघायचे आहे.

पावसाळ्यात हा मुलूख बघायला सगळेच येतात. धबधबे, धुके, भिजलेले डोंगर. माझे मत विचाराल तर मावळ बघावा तो पौष-माघात. भाताची मळणी झालेली असते, खळ्याच्या कडेला पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या असतात, खाचरांत ओलीवर टाकलेला हरभरा, मसूर किंवा वाल गुडघ्याखालीच पण हिरवागार उभा असतो. पहाटे नदीवर धुक्याची पांढरी पट्टी बसते आणि दिवस वर आला तरी हलत नाही. आणि रात्र! ढगाचा ठिपका नाही, हवेत धूळ नाही. घोंगडी पांघरून बांधावर बसा आणि मान वर करा, मग वेळ कसा गेला ते कळत नाही.

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, कामशेतहून पवनानगरला जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला, धरणाच्या पाण्यापासून जवळच शेती करतात. बेडसे लेण्यांचा डोंगर ओलांडला की हे खोरे उघडते. समोर तुंग आणि तिकोना, मागे लोहगड आणि विसापूर. त्यांची मुलगी, माझी भाची, पुण्यात शिकली आणि आता नोकरीनिमित्त नॉर्वे देशात असते. गेल्या जानेवारीत ती चार दिवसांची रजा काढून ट्रोम्सो नावाच्या गावी गेली होती. तिथून तिने फोनवर एक चित्र पाठवले. काळे आकाश आणि त्यात हिरव्या रंगाचे पडदे, जणू कोणी ओले लुगडे वाऱ्यावर वाळत घातले आहे. आक्काने ते चित्र शेजारपाजारच्या सगळ्या बायकांना दाखवले. मग संध्याकाळी दाजी मला म्हणाले, "गुरुजी, पोरगी म्हणते हे बघायला लोक लाखांनी पैसं घालवत्यात. आपल्या हितनं दिसत न्हाई का वो?"

प्रश्न ऐकून घरातली पोरे हसली. पण वाचकहो, हसण्यासारखे त्यात काही नाही. मुंबईला हा प्रकाश दिसलेला आहे.

तारीख ४ फेब्रुवारी १८७२, वार रविवार. पौषाचा वद्य पक्ष सरत आला होता, अमावास्या चार-पाच दिवसांवर होती, त्यामुळे चंद्र पहाटेशिवाय उगवणार नव्हता. मुंबईच्या रस्त्यांवर तेव्हा गॅसचे दिवे होते, तेही सगळीकडे नव्हते. विजेचा दिवा अजून यायचा होता. सूर्य मावळल्यावर आकाशात अंधुक उजेड दिसू लागला, तो रंग बदलू लागला, पहाटे तीनच्या सुमारास गडद जांभळा झाला आणि उजाडेपर्यंत टिकला, असे त्या वेळच्या वर्तमानपत्रातल्या बातमीत लिहिलेले आहे. त्याच बातमीत तारायंत्राची तक्रारही आहे. मुंबई ते एडन अशी समुद्राच्या तळातून जाणारी तार दोनच वर्षांपूर्वी, १८७० मध्ये टाकली होती. त्या तारेत आपोआप वीज खेळू लागली आणि कित्येक तास निरोप धड जाईनात. त्याच रात्री आफ्रिकेतल्या खार्टूम शहरातही हा प्रकाश दिसला. शास्त्रज्ञांनी अलीकडे जगभरच्या जुन्या नोंदी गोळा करून या रात्रीचा पुन्हा अभ्यास केला आहे आणि माहीत असलेल्या मोठ्या वादळांत तिची गणना केली आहे.

आता कामशेत मुंबईपासून किती लांब? सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. हा खेळ चालतो जमिनीपासून दोनशे-तीनशे किलोमीटर उंचीवर. जो उजेड मुंबईवरून उत्तरेला दिसला तो मावळातल्या उघड्या माळावरून दिसणार नाही, असे कसे होईल? बोरघाटातून रेल्वे सुरू होऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. रुळाच्या कडेने तारायंत्राच्या तारा होत्या. हरभऱ्याची राखण करणारा एखादा गडी शेकोटीशी जागा असेल, तर त्याने उत्तरेच्या डोंगरामागे वणवा लागला असे समजून कूस बदलली असेल. वणव्यासारखेच दिसते ते, आणि का दिसते ते पुढे सांगतो.

दाजींना मी जे उदाहरण दिले तेच तुम्हांला देतो. सूर्य नुसता उजेड आणि ऊब देत नाही. त्याच्या अंगातून विजेने भारलेल्या बारीक कणांचा वारा सतत सुटलेला असतो. सेकंदाला सुमारे चारशे किलोमीटर असा त्याचा वेग. हा वारा थेट आपल्या अंगावर आला तर बरे नाही. पण पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे आणि त्याचा जोर तिच्याभोवती बांधासारखा उभा आहे. खाचराचा बांध डोळ्यांपुढे आणा. वरून पाणी आले की मध्ये ते अडते, पण दोन्ही कोपऱ्यांशी बांध खाली उतरलेला असतो, तिथून थोडे आत शिरते. पृथ्वीच्या बांधाचे हे दोन कोपरे म्हणजे उत्तर ध्रुवाकडचा आणि दक्षिण ध्रुवाकडचा भाग. तिथे हे कण वरच्या विरळ हवेत घुसतात, हवेवर आदळतात आणि ती हवा उजळते. ट्यूबलाइटच्या नळीत वीज सोडल्यावर आतला वायू जसा पेटल्यासारखा दिसतो, तसेच हे. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरचा प्राणवायू हिरवा उजेड देतो, दोनशेच्या वरचा तांबडा देतो आणि नत्रवायूमुळे जांभळी-निळी किनार येते.

हे झाले रोजचे. पण सूर्यावर काळे डाग पडतात आणि कधी कधी त्या डागांपाशी स्फोट होऊन एकदम मोठा लोंढा सुटतो. लोंढा यायला दोन-तीन दिवस लागतात, फार जोराचा असला तर दिवसाच्या आत येतो. मग काय होते? महापुरात बांधावरून पाणी जाते आणि मधले खाचरही भरते. १८७२ च्या त्या रात्री मधले खाचर भरले, ते आपले. मात्र इतक्या दक्षिणेकडून बघणाऱ्याला पडद्याचा फक्त वरचा काठ दिसतो, खालचा हिरवा भाग पृथ्वीच्या गोलाईआड राहतो. डोंगरापलीकडच्या जत्रेतला पाळणा आपल्याला नुसत्या वरच्या टोकापुरता दिसावा तसे. वरचा काठ तांबडा, म्हणून आपल्या बाजूला तो वणव्यासारखा भासतो.

दाजींनी हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजी बांध मोजणारं कुणीतरी असंलच की. पाणी किती चढलं, किती उतरलं, त्ये कोण बघतं?"

शेतकऱ्याला सुचेल असाच हा प्रश्न. आणि त्याचे उत्तर कामशेतहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे, हे ऐकल्यावर आक्कानेही पिशवी भरली. तुम्हांलाही जायचे असेल तर वाट सांगतो. सकाळच्या लोकलने लोणावळा. तिथून एस.टी.ने घाट उतरून खोपोली. घाटात गारठा इतका की आक्काने शाल डोक्यावरून घेतली, आणि खोपोलीत उतरताच ती काढून पिशवीत कोंबली. अर्ध्या तासात ऋतू बदलल्यासारखे वाटते. खोपोलीहून पेण. पेणमध्ये गणपतीच्या मूर्ती बारा महिने घडत असतात आणि पोहेही चांगले मिळतात, थोडे बरोबर घ्या. पुढे वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड आणि मग अलिबाग.

कार्लेखिंडीच्या आसपास दाजी खिडकीला चिकटले. भात काढलेल्या खाचरांतच कांद्याचे वाफे होते. अलिबागचा पांढरा कांदा तो हाच. गोडसर, कमी तिखट. आता त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. बायका कांद्याच्या पातीची वेणी घालून माळा करतात आणि रस्त्याच्या कडेला टांगून विकतात. दाजींचा जीव त्या वाफ्यांत इतका रमला की आपण कशाला आलो ते ते विसरतात की काय, असे मला वाटले. त्यांचे म्हणणे, भातामागे आपण हरभरा फेकून मोकळे होतो, ही माणसे त्याच तुकड्यातून दुसऱ्यांदा रोकडा काढतात. आमच्याकडची माती आणि थंडी वेगळी, हे मी सांगून पाहिले. त्यांना ते फारसे पटले नाही. येताना चार माळा घेतल्याच.

अलिबागच्या समुद्रकाठी, कुलाब्याच्या किल्ल्यासमोरच्या बाजूला, झाडीत एक जुने आवार आहे. ही चुंबकीय वेधशाळा. पृथ्वीचा बांध किती चढला-उतरला हे मोजण्याचे काम इथे १९०४ पासून चालू आहे. आत जायला परवानगी लागते. आम्ही बाहेरूनच पाहिली. तिची गोष्ट मात्र बाहेर उभे राहून सांगण्याजोगी आहे.

मूळ वेधशाळा मुंबईत कुलाब्याला, ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये काढलेली. चुंबकाचे मोजमाप तिथे १८४१ पासून सुरू झाले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ तिचे काम पाहिले. केरूनाना छत्रे तरुणपणी तिथे नोकरीला होते. हे केरूनाना म्हणजे लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू, १८२५ मध्ये अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले. सूर्यावरच्या डागांचा आपल्या हवामानाशी काय संबंध असेल, याचाही त्यांनी विचार केला होता. तिथली माणसे दर तासाला, रात्रीसुद्धा, लोंबत्या चुंबकाची हालचाल बघून वहीत आकडा टाकत. चुंबक बेचैन झालाच तर पाच-पाच, पंधरा-पंधरा मिनिटांनी. १८५९ च्या सप्टेंबरात पहिल्या-दुसऱ्या तारखेला आजवर नोंदलेल्यांतले सर्वांत मोठे म्हणून गणले जाणारे वादळ आले, तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या कित्येक ठिकाणची नोंद कागदाच्या बाहेर गेली. कुलाब्याच्या वहीत मात्र ते पूर्ण उतरले. चुंबकाचा जोर थोड्या वेळात शेकडा चारच्या आसपास खाली आला होता. ऐकायला हे थोडे वाटते. पण एरवी हजारात एक-दोन भागांचा फरक पडला तरी वादळ म्हणतात. त्या वहीतले आकडे घेऊन २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या वादळाचा जोर किती होता ते मांडले. दीडशे वर्षांमागे कोणी कंदिलाच्या उजेडात लिहिलेला आकडा आज साऱ्या जगाच्या कामी आला. खताचा, बियाण्याचा, पावसाचा हिशेब जे घरी वहीत लिहून ठेवतात त्यांना याचे मोल सांगायला नको.

पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या आणायचे ठरले. विजेच्या प्रवाहाने नाजूक चुंबक बिघडणार हे वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी आधीच ओळखले. हे या वेधशाळेचे पहिले भारतीय प्रमुख. त्यांनी अलिबागची जागा निवडून घेतली. इमारतीसाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड आणला, लोखंड टाळले. दोन्ही ठिकाणी दोन वर्षे एकदमच मोजमाप चालू ठेवले आणि जुने आकडे नव्यांशी जुळवून मगच कुलाब्याचे काम बंद केले. गाय विकताना नवीन दुभती दावणीला बांधल्याशिवाय जुनी सोडू नये, तसाच हा शहाणपणा. ट्रामगाडी १९०७ मध्ये धावली आणि १९६४ मध्ये बंद झाली. अलिबागचा चुंबक अजून लिहितो आहे. या सगळ्या कामाचे मुख्य ठाणे, भारतीय भूचुंबकत्व संस्था, आता पनवेलला आहे, म्हणजे आपल्या घाटाच्या पायथ्यालाच म्हणा ना. तिची माणसे दक्षिण ध्रुवाकडच्या अंटार्क्टिकात, आपल्या 'मैत्री' या ठाण्यावरही मोजमापाला जातात. तिथे हिवाळाभर राहणाऱ्यांना हाच प्रकाश दक्षिणेचा म्हणून दिसतो. उत्तरेकडे नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड बेटांवर आपले 'हिमाद्री' हे ठाणे २००८ पासून आहे आणि डिसेंबर २०२३ पासून तिथे हिवाळ्यातही आपली माणसे जाऊ लागली आहेत.

"वीज गेली तर?" आक्काने विचारले. तिला यात सर्वांत महत्त्वाचे तेवढेच वाटले, आणि ते बरोबरच आहे. १३ मार्च १९८९ रोजी अशाच वादळाने कॅनडातल्या क्युबेक प्रांताची वीज गेली. साठ लाख लोक नऊ तास अंधारात, तेही तिथल्या थंडीत. मे २०२४ मध्ये मोठे वादळ आले तेव्हा अमेरिकेत मक्याच्या पेरणीचे दिवस होते. तिकडचे मोठे शेतकरी ट्रॅक्टर उपग्रहाच्या खुणेवर सरळ ओळीत चालवतात. ती खूण चुकू लागली आणि अनेकांना ऐन हंगामात ट्रॅक्टर उभे करावे लागले. आपल्याकडे बैल नाहीतर छोटा ट्रॅक्टर, डोळ्यांनी बघून चालवायचा, तेव्हा सूर्याचा राग अजून आपल्या नांगरापर्यंत पोचलेला नाही. त्याच १०-११ मेच्या रात्री लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यात उत्तरेकडे तांबडा उजेड उतरला. भारतातच बरे का. सूर्याचा जोर साधारण अकरा वर्षांनी चढतो आणि उतरतो. तेव्हा तो चढलेला होता. सूर्यावर नजर ठेवायला आपले 'आदित्य एल-१' हे यान जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर उभे आहे. बांधावर बसलेला राखण्याच तो.

आता भाचीचे ऐकायचे ना? तिने फोनवर सगळे सविस्तर सांगितले, मी इथे थोडक्यात देतो. ट्रोम्सो गाव उत्तरेला इतके वर आहे की नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही. दुपारी थोडा वेळ निळसर उजेड, की पुन्हा रात्र. समुद्र मात्र गोठत नाही, कारण दक्षिणेकडून येणारा उबदार प्रवाह तिथवर पोचतो. पहिल्या तीन रात्री ढग. सहलवाले बसमध्ये घालून फिनलंडच्या सरहद्दीकडे नेत, उतरवत, चार-पाच तास बर्फात उभे करत आणि परत आणत. पायांत दोन-दोन लोकरीचे मोजे असूनही बोटे बधिर. चौथ्या रात्री एक वाजता आकाशात राखाडी पट्टा दिसला. तिला तो ढगच वाटला. मग तो हलला, उभा झाला, हिरवट झाला आणि दहा-पंधरा मिनिटे डोक्यावर नुसता नाचला. आवाज काही नाही. बसमधली सगळी माणसे गप्प.

"पण मामा," ती म्हणाली, "फोटोत दिसतो तेवढा हिरवा डोळ्यांना नाही दिसत. कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवतात, म्हणून तो रंग येतो. बरेच जण तर हिरमुसले." हे मी मुद्दाम लिहितो आहे. कोणाची मुले परदेशी असतील आणि आईबापांना घेऊन जायचे म्हणत असतील, तर फोटोवर जाऊ नका. ढग असले तर काहीच दिसत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत. जायचे असेल तर चार-पाच रात्री हातात ठेवून जा, आणि थंडीची लाज धरू नका.

तिकडच्या लोकांची कल्पनाही सांगतो, पोरांना आवडेल. फिनलंडच्या भाषेत या प्रकाशाला 'कोल्ह्याचा जाळ' अशा अर्थाचे नाव आहे. बर्फावरून पळताना कोल्हा शेपूट झटकतो आणि त्याच्या ठिणग्या आकाशात उडतात म्हणे. पुढे नॉर्वेच्या बिर्कलंड नावाच्या शास्त्रज्ञाने काचेच्या पेटीत चुंबकाचा गोळा ठेवला, हवा काढली, वीज सोडली आणि गोळ्याच्या दोन टोकांना उजेडाची कडी उमटवून दाखवली. कोल्हा सुटला.

भाचीने आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती ऐकून आक्का बराच वेळ गप्प राहिली. तिकडे ध्रुव तारा जवळजवळ डोक्यावर असतो. आपल्या कामशेतला तो उत्तरेच्या क्षितिजापासून सुमारे पावणेएकोणीस अंश वर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींहून किंचित खाली. तुम्ही जितके उत्तरेला जाल तितका तो वर चढतो. त्याच वेळी दक्षिणेचे तारे बुडत जातात. आपला अगस्ती तिला तिकडे कधीच दिसत नाही.

हे तुम्ही स्वतः पडताळून पाहा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री दहाच्या सुमारास उघड्या शेतात जा. डोक्यावर मृग नक्षत्र असेल. त्यातल्या तीन चांदण्यांच्या बाणाला जुनी माणसे तिकांडे म्हणतात. बाणाच्या रोखाने खाली आलात की व्याध, आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. त्याच्याही खाली, थेट दक्षिणेला, दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी अगस्ती. आता पाठ फिरवून उत्तरेला ध्रुव बघा. त्या घडीला अगस्ती दक्षिणेला जेवढा उंच, तेवढाच ध्रुव उत्तरेला. दोन्ही बाजूंना सारखी उंची, असे मावळाच्या पट्ट्यातूनच जुळते. दिल्लीला हा तोल नाही, मद्रासलाही नाही. आम्ही दाजींच्या बांधावर उभे राहून मुठींनी मोजले आणि दोन्हीकडे सारखेच भरले.

बांधावरून आणखी काय दिसले तेही सांगतो. ईशान्येला डोंगराच्या कडेवर लालसर उजेड होता. दाजी चेष्टेने म्हणाले, "आला की तुमचा परकाश." तो तळेगाव-चाकणच्या कारखान्यांचा होता. पूर्वेला पिंपरी-चिंचवडचा, त्याहून मोठा. आणि समोर पाण्याच्या कडेने बंगले आणि रिसॉर्ट, त्यांच्या गच्च्यांवरचे पांढरे झोत रात्रभर आभाळात सोडलेले. दाजींच्या लहानपणी या खोऱ्यात दिवाळीखेरीज उजेडच नव्हता. रॉकेल जपून जाळायचे. त्या अंधाराचे कोणाला कौतुक नव्हते, असणारही नव्हते. विंचू-काटा, बिबट्या, बाळंतीण अडली तर कंदील घेऊन धावायचे. वीज आली हे चांगलेच झाले. पण आज १८७२ सारखी रात्र पुन्हा आली, तर डोंगरामागचा तो तांबडा काठ या झोतांतून आपल्याला ओळखू येईल का, याची मला शंका आहे. वळवाच्या सरींनंतर राजमाचीच्या बाजूला जे काजवे झाडेच्या झाडे पेटवतात, त्यांचेही असेच. उजेडाच्या खुणेने नर-मादी एकमेकांना शोधतात. झोतापुढे त्यांची खूण दिसत नाही.

नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाने यावर उपाय केला आहे. आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून उजेड खाली, जमिनीवरच पडेल असे लावले. गावात अंधार झाला नाही, आभाळात झाला. जानेवारी २०२४ मध्ये त्याला भारतातले पहिले 'अंधाऱ्या आकाशाचे उद्यान' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आता तिथे वाघाबरोबर तारे बघायलाही लोक येतात. दिव्याला वरून एक टोपण, एवढाच काय तो खर्च.

हे दाजींना सांगायला एक कारण होते. पाण्याकाठच्या त्यांच्या पडीक तुकड्यावर शहरातून येणाऱ्यांसाठी तंबू लावायला जागा मागणारे तिघे जण आले होते. पवनेच्या काठाला हा धंदा आता चांगलाच वाढला आहे. शनिवार-रविवारी मोटारींची रांग लागते. जाहिरातीत लिहिलेले असते, 'ताऱ्यांखाली एक रात्र', आणि जागेवर बघावे तर चारी कोपऱ्यांना झोत आणि पहाटेपर्यंत कर्णे. दाजींनी तिघांनाही एकच अट घातली. दहानंतर मोठे दिवे आणि कर्णा बंद, वाटेवर खाली तोंड केलेले कंदिलाएवढे दिवे तेवढे चालू. पहिला म्हणाला, गिऱ्हाईक अंधाराला भिते. दुसरा उत्तर न देता निघून गेला. तिसरा वयाने लहान होता, त्याने एक रात्र तिथे राहून बघितले आणि भाडे थोडे कमी धरून तयार झाला.

आक्काला ते कमी भाडे अजून पटलेले नाही. "आभाळ बघून पोट भरतंय व्हय?" असे ती दाजींना दिवसातून एकदा तरी ऐकवते. रात्री मात्र भाकरी झाल्यावर हात पुसत अंगणात येते आणि आधी उत्तरेला ध्रुव कुठे आहे ते बघते.